निळ्या भुकटीचं घर

प्रिय (सवयीने लिहिलं, फुगू नकोस),

तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांनी लिहिलंस, तेही 'माझ्या मुलाला परत पाठव' म्हणून. जणू मी त्याला डांबूनच ठेवलंय! तो आपल्या पायांनी माझ्या कारखान्यात आला, काम मागितलं, आणि आता नाकाला फडकं बांधून निळी भुकटी दळतो. 'रंगवाल्यांच्या घरात तो शोभत नाही' म्हणे. नाकाने कांदे सोलायची तुझी खोड काही गेली नाही. अरे, ज्या पेनाने हे खरडलंस त्याची शाई कशाने निळी झाली? तुझ्या गच्चीवरची टाकी, न्हाणीघरातली बादली, बागेतला पाइप, मिरवायच्या मोटारीचा तो हिरवा रंग, सगळ्यांत आमच्यासारख्यांचीच भुकटी. आमच्यावाचून तुझं पान हलत नाही, आणि आमच्याच दाराचं तुला वावडं!

आपल्या लग्नाचं बोलायला आमच्याकडे पहिल्यांदा आलास ते आठवतं? पांढरी पँट, कडक इस्त्री. आईने बिचारीने खुर्ची ओल्या फडक्याने पुसून ठेवली होती. पण ही भुकटी पुसावी तितकी पसरते. तू उठलास तो बूड निळं करूनच. बाबा हसले, मीही हसले. तू नाही हसलास. दुसऱ्या दिवशी निरोप आला, जमायचं नाही. एका पँटीपायी! रडले मी, खोटं कशाला सांगू. पण बरंच झालं. असलं नाजूक प्रकरण माझ्या संसारात चार दिवस टिकलं नसतं.

तुझा मुलगा पहिल्यांदा घरी आला तो नेमका त्याच खुर्चीत बसला. पाठ निळी झाली. आरशात वळून वळून बघितलं आणि म्हणाला, "काकू, आता मी तुमच्यातलाच!" माझी लेक चहा गाळत होती, हसता हसता निम्मा ओट्यावर सांडला. तेव्हाच मी काय ते ओळखलं. आमच्या निळ्या भुकटीला क्लोरीन पाजला की तिचाच हिरवा रंग होतो, हे मी शाळेवाचून शिकले. तुझ्या पोटी असा मुलगा कसा निपजला, ते मात्र अजून कळलेलं नाही.

तेव्हा परत पाठवायचं विसर. येत्या रविवारी दोघांचं लग्न आहे, आमच्याच अंगणात. 'बाबा यायचे नाहीत,' असं तो म्हणतो आणि उगाच नखांतला रंग कोरत बसतो. ते मला बघवत नाही, म्हणून हे पत्र. नाहीतर तुझ्यावर शाई कोण वाया घालवतंय! ये. पांढरेच कपडे घालून ये. खुर्ची तीच आहे, आणि या खेपेला मी ती पुसणार नाही.

तुझीच (आता इलाज नाही),
विहीण