मुळ्याच्या वासाची अळंबी

ती. आईस, हुबेहूब तुझं नाक घेऊन जन्मलेल्या चिमीचा नमस्कार.

मागच्या महिन्यातली सर्दी गेली, ताप तर केव्हाच उतरला. काल दूध करपलं, ते शेजारणीनं येऊन सांगितलं. पण भांडं स्वच्छ निघालं.

कामाचं विचारलंस. रानातून नखाएवढ्या तपकिरी अळंब्या येतात, त्या ओळखून वेगळ्या करायच्या. दोन जातींचा रंग एक, उंची एक, टोपीखालची झालरसुद्धा एक. फरक फक्त वासाचा: एकीला मुळ्याचा, दुसरीला ओल्या पिठाचा. साहेबांनी मला घेतलं तेच या नाकासाठी. आल्यागेल्याला सांगतात, "हिचं नाक म्हणजे आमचं यंत्र!" सध्या मी पलीकडच्या टेबलावरच्या ताईंना म्हणते, "जरा हुंगून बघता का? माझी खात्री होऊ दे." त्या बिचाऱ्या हुंगतात, मी चिठ्ठी लावते.

बाबांचा गुडघा कसा आहे? दादा वेळेवर घरी येतो का?

तुझं पत्र मिळालं. एरवी पाकीट फोडलं की तुझ्या हातांचा लसणीचा वास यायचा. परवा कागद नाकाशी धरून कितीतरी वेळ बसले होते. या वेळी लिहिण्याआधी तू साबणानं हात धुतले होतेस ना?

हो म्हणूनच कळव.

तुझीच,
चिमी