आमचे गाव हौसेने चालत नसल्याचा दाखला मिळण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
'चाला, निरोगी राहा' मोहीम कक्ष,
आरोग्य कार्यालय.

विषय : वरीलप्रमाणे दाखला आजच्या आज मिळण्याबाबत.
संदर्भ : चालण्याबद्दल आपण आमच्या गावास दिलेली ढाल.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, मी गावच्या बसथांब्याशेजारी चपला-बूट दुरुस्त करतो. लोक चालले तर माझेच पोट भरते. तेव्हा चालण्याबद्दल माझ्या मनात आकस नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

१. आपले साहेब पाहणीस आले त्या सकाळी बस वाटेत बंद पडली होती आणि सारे गाव रांगेने पायी बाजाराला निघाले होते. साहेबांनी गाडीची काच खाली करून, रोज चालता का, असे विचारले. सर्वांत पुढे माझी पत्नी होती. साहेब इतके खूश दिसत होते की नाही म्हणणे तिच्या जिवावर आले. तिने मान डोलावली, तिच्यामागे गावाने डोलावली. पहिले बक्षीस आम्हाला मिळाले. पत्नीचा मोठा फोटो थांब्यावर, बसच्या वेळापत्रकावरच ठोकण्यात आला.

२. वेळापत्रक झाकले गेल्याने फारसे बिघडले नाही, कारण लवकरच बसही बंद झाली. बस कार्यालयाचे म्हणणे असे की, ज्या गावाला चालण्याची एवढी आवड, तेथे बस पाठवून लोकांच्या प्रकृतीशी खेळता येणार नाही. गाव हौसेने चालत नाही, असा आपला दाखला आणल्यास विचार करू.

३. त्यासाठी आपण फेरतपासणी ठेवली. त्या दिवशी सारे गाव दारात बसून राहिले, पाणी भरायलाही कोणी उठले नाही. साहेब आले नाहीत. मागाहून पत्र आले की, कार्यालयाची गाडी दुरुस्तीस असून एवढे अंतर पायी येणे प्रकृतीस झेपणारे नाही.

४. आता मूळ मुद्दा. पत्नीचा गुडघा सुजला आहे. आपल्याच दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी तिला दर आठवड्याला बोलावले आहे आणि चालायचे अजिबात नाही, असे बजावले आहे. म्हणून मी तिला हातगाडीवर बसवून ढकलत आणतो. वाटेत भेटलेल्या आरोग्यसेविकेने आमची नोंद 'दांपत्याने मिळून चालणे' या सदरात केली. उपचार चुकले तर पाय कायमचा आखडेल, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. मला त्याची फार भीती वाटते. ती कोणत्या सदरात लिहावी, हे मला कळत नाही.

तरी दाखला देण्याची कृपा व्हावी. कार्यालयास पायऱ्या असल्याने पत्नी फाटकाशी हातगाडीतच थांबली आहे. तिचा निरोप जसाच्या तसा देतो : "साहेबांना म्हणावं, ढाल तुमची तुम्हाला, आमची बस आम्हाला द्या. आणि तो फोटो काढा. त्यात मी उभी आहे."

अर्ज देण्यास मी पायी आलो, ही बाब मोहिमेत धरू नये.

आपल्या उत्तराची फाटकाशी वाट पाहणारा,
थांब्याशेजारचा चपला दुरुस्त करणारा
(सही)
दिनांक : आजचाच, दवाखान्याच्या वाराचा

सोबत : ढाल. हातगाडीत पत्नीच्या गुडघ्याखाली टेकू म्हणून ठेवली आहे. शिपायाने काढून घेताना पाय हळू उचलावा.