मेडशीच्या बंगल्यावरची सरबराई

२६ मार्च १९३७

पोचलो एकदाचे! ईस्टरची सुटी लागली, शाळेला टाळं ठोकलं आणि आमची मास्तरमंडळी मेडशीच्या वरच्या डोंगरबंगल्यावर हवापालटाला. मी जानेवारीतच वाशीमला रुजू झालो, तरी हेडमास्तर रामरावजींनी मलाही मोटारीत कोंबलं. घाटात डुलकी लागली ती थेट बंगल्याच्या पायरीवर जाग आली. काय जागा आहे राव! दरीभर पळस फुललेला, वाऱ्यावर मोहाचा वास. विजयमाला इथं हवी होती. पण सातवा लागलाय, शिरपूरला माहेरी आहे. पाडव्याला येतो म्हणून शब्द देऊन आलोय.

सरबराई मात्र काही खरी नाही. चौकीदार रतनसिंग आणि त्याची बायको रुपाबाई, दोघंही तोंडाकडे पाहत नाहीत. पत्रावळी दाराबाहेर ठेवतात आणि मागं न बघता चालते होतात. भातात मिठाचा खडा नाही, उलट काळे तीळ! ड्रॉइंगचे शालिग्राम मास्तर म्हणाले, फुकटच्या बंगल्यात बासुंदी मागता की काय. सगळे हसले. मी तसाच गिळला.

२७ मार्च

आज तर हद्द झाली. खाटा साऱ्या दक्षिणेकडे पाय करून टाकलेल्या. मी कंबर मोडून सगळ्या फिरवल्या, हातपाय धुऊन आलो तर पुन्हा जशाच्या तशा. कंदील मागितला तर कणकेचा दिवा आणून ठेवला. चहाचं तर नावच नको. पाणी मागितलं तर हा बाबा अंगठ्यावरून धार सोडतो, पितरांना सोडतात तशी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अरे, जिवंत आहोत आम्ही अजून! रुपाबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतेय. आता वाटतं, नसेल हसली.

इकडची रीत असेल म्हणून रामरावजींनी मला गप्प केलं.

२८ मार्च

शालिग्राम मास्तर सकाळी पळसाचं चित्र काढायला घाटाकडे उतरले होते. कोरा कागद घेऊन परत आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. काय झालं ते सांगेनात. म्हणून मीच गेलो.

खाली नाल्यात आमची मोटार उलटी पडली आहे. मेडशीचे लोक दोर लावून एकेकाला वर काढत होते. चौघांनी मिळून एकाला उचललं. त्याच्या अंगात माझा कोट होता. वरचं बटण वेगळ्या रंगाचं, विजयमालानं लावलेलं. तो कोट आत्ता लिहिताना माझ्या अंगात आहे. मी ओरडलो, हातवारे केले. एकानंही वर पाहिलं नाही.

२९ मार्च

दिवसभर रडलो. लाज कसली आता.

रतनसिंगला धरून बसवलं. म्हणाला, घाटात गेलेल्याची सोय बापजाद्यापासून त्याच्याच घराकडे आहे. आपापली माणसं येतील, पिंड ठेवतील, त्यातलं खाल्लं की माणूस सुटला. तोवर तो सांभाळतो. मग आमच्या तोंडाकडे काहून पाहत नाहीस, विचारलं. तर म्हणतो, "पाह्यलं त माया लागते, सायेब."

आणि मी त्याला मिठावरून शिव्या घातल्या.

४ एप्रिल

सगळ्यांचे लोक नाल्याकाठी आले. पिंड मांडले. कावळा शिवला आणि माझ्या शेजारी उभे असलेले रामरावजी नव्हतेच. मग शालिग्राम मास्तर. मग बाकीचे. जाताना सगळ्यांचे चेहरे शांत होते, खोटं कशाला बोलू.

माझ्यासाठी माझा थोरला भाऊ, रामकिसनदादा आला. विजयमालाले जपीन, लेकराले शिकवीन, म्हणून हात जोडत होता. भूक अशी लागली होती की आतडी पिळवटली. पण मी खाल्लं नाही. तिला एकदा पाहिल्याशिवाय कसा जाऊ? अशा अवस्थेत तिला इथं कोण आणतंय, हेही कळतं मला. तरी नाहीच. कावळा फांदीवरून हलेना. शेवटी दादानं दर्भाचा कावळा करून शिववला. गवताच्या कावळ्यानं माझं पोट भरतं होय!

रतनसिंगनं आज पहिल्यांदा तोंडाकडे पाहिलं. रागानं. म्हणाला, "जेवून घ्या. अडकलेला जीव दुसऱ्याले वढते."

ओढू दे म्हटलं. रागात म्हटलं.

६ एप्रिल

एकटाच आहे. दुसरं काही सुचत नाही. ये ग. एकदाच ये. लांबून दिसलीस तरी जेवतो—

७ एप्रिल

रुपाबाईनं माझ्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकली. कोणासाठी विचारलं. डोळे पुसत होती. मी खाट अंगणात फेकली. तिनं परत आणून टाकली—

नको. येऊ नकोस. मी जेवतो. रतनसिंग म्हणतो आता पिंड कुठून आणू—

८ एप्रिल

आली.

पायऱ्या चढून, एकटीच. मी पडलो तिथं दिवा लावायचा म्हणून घरी न सांगता बैलांची दमणी करून निघाली म्हणे. मी हाक मारली नव्हती, नाही मारली, तरी तिनं वर पाहिलं. माझ्याकडे. सरळ माझ्याकडे—आणि हसली. तुमी तर इथं हाय, आन् लोक मले काय काय सांगत होते, म्हणाली.

दमणी कुठं आहे विचारलं. तिला आठवत नाही.

रतनसिंग तिच्या तोंडाकडे पाहत नाही.

मी त्याचे पाय धरले. हिला परत पाठव, मला ठेव, कायमचा ठेव—तो नुसती मान हलवतो.

ती खाटेवर बसली आहे. पोटावर हात ठेवून. घडीघडी मलाच विचारते, मघापासून बाळ हालूनच नाही राह्यलं, असं होते का हो—मी तिला काय—