ऋतूला चटका कळला नाही

परळी वैजनाथ,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

ती. सोमनाथदादास,
सारजाचा नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. वहिनीच्या गुडघ्यांना आराम पडला का? बजरंग मेंढरं घेऊन कुठवर पोचला? त्याचा फोन लागत नाही. इथं नेहमीसारखी थर्मलची राख. सकाळी वाळत घातलेलं धुणं दुपारी पुन्हा धुवायच्या लायकीचं होतं. यांची सध्या दिवसपाळी आहे. माझं शिवणकाम चालू आहे, फक्त ब्लाऊजला हुक शेजारच्या विमलबाई लावून देतात, माझ्या बोटांत हुक टिकत नाही. अक्षर बघून हसू नकोस. पेनाला चिंधी गुंडाळून लिहितेय.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला स्पीकरवर टाकतोस, आणि मी मुद्द्यावर आले की "रेंज न्हाई" म्हणून कट करतोस. धर्मापुरीकडं रेंज जाते हे मला मान्य आहे, पण ती नेमकी माझ्या त्याच वाक्याला कशी जाते रे? पाकीट डिंकानं चिकटवून काळीपिवळी जीपवाल्या अभिमन्यूच्या हाती देतेय. तुझ्याच हातात दे म्हणून बजावलंय.

तुझी लेक ऋतू मजेत आहे म्हणायची. दोन वेळ जेवते, माझ्या साड्यांना फॉल लावते, यांच्याशी क्रिकेटवरून भांडते. चार दिवस आराम करायला आत्याकडं आली, आणि रविवारी तू न्यायला येणार. भरतीची मैदानी परीक्षा जवळ आली, अकॅडमीतले सर ओरडायला लागलेत, सगळं कळलं. परवा फोनवर तू मोठ्या कौतुकानं सांगत होतास, "घोटा सारखा मुरगळतो म्हनली, म्हनून टाचंला बिब्ब्याचे चटके दिले म्या तिला. हूं का चूं न्हाई केलं पोरीनं! लई खंबीर हाय. पोलिसातच शोभंल."

मी लगेच फोन ठेवला आणि ऋतूला म्हटलं, मोजे काढ. ती काढेना. मग मीच खाली बसून काढले. टाचेवर जखम, कडेनं पांढरी, आतून ओली, आणि वास येत होता. ती माझ्याकडं बघून म्हणते, "एवढं काय झालं आत्या? मला दुखत बी न्हाई." असल्या टाचेवर बूट चढवून ती रोज सकाळी पळत होती. सारखी पडते म्हणून सर तिला आळशी म्हणायचे आणि घरी आल्यावर तू म्हणायचास.

ती खंबीर नाही रे दादा, तिला कळलंच नाही. सुईला टोचून दिव्यावर तापवलेला बिब्बा टेकवला की दांडगा बाप्या ओरडतो. ऋतूनं मला सांगितलं, पहिल्या चटक्याला ती गप्प बसली तेव्हा तू म्हणालास, "बिब्बा कच्चा हाय," आणि अजून तापवून दुसरा दिलास. तुझा राग आला, अजूनही आहे, आणि तो पत्रात लपवायचा मी प्रयत्नही करणार नाही.

आपल्या घरात पाय सगळ्यांचे सारखे, कारण मात्र ज्याचं त्याचं वेगळं. आजीला बाळंतपणात वारं लागलं. आप्पांना एडक्यानं धडक दिली. मी विहिरीच्या पायरीवरून पडले. तुझी मोटारसायकल घसरली. आणि चालताना चौघंही गुडघा वर उचलतो, पाऊल खाली आपटतो, चप्पल निसटून मागं राहते. गावानं आपल्याला 'टापे' नाव ठेवलं ते आपल्या पावलांचा आवाज ऐकूनच ना? गावाला लांबून ऐकू आलं ते आपल्याला घरात बसून कळलं नाही.

तू तरी असं करू नयेस. आष्टीच्या बाजारात एडका घेताना तू आधी त्याच्या आईचे पाय बघतोस. विकणारा हजार शपथा घेऊ दे, मेंढी दाखव म्हणतोस, नाहीतर उठून येतोस. जनावराच्या वाणाचं एवढं कळतं तुला, आणि स्वतःच्या लेकीचा घोटा वळतो तेव्हा तुला बिब्बा आठवतो.

मला अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण मागच्या वेळी तू ऐकून घेतलं नाहीस. हा नसांचा आजार आहे. ज्या डॉक्टरांनी शोधला त्यांचीच नावं त्याला आहेत, शार्को-मारी-टूथ, पण नाव पाठ करायची गरज नाही. हातापायाला निरोप नेणाऱ्या नसा हळूहळू खराब होतात, लांबच्या आधी, म्हणून सुरुवात पावलांपासून. पाऊल लुळं पडतं, तळव्याची कमान वाढते, कातडीला चटका-काटा कळेनासा होतो, पुढं हाताची बोटं. आई किंवा बाप, एकाला असला तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. आप्पांकडून आपण तिघा भावंडांत मला आला, तुला आला, बजरंग सुटला. कुणाचा शाप नाही, कुणाची करणी नाही. सहसा जिवावर बेतत नाही आणि बराही होत नाही. सांभाळावा लागतो. मी बुटात पट्टी घालते, व्यायाम करते, अनवाणी फिरत नाही, रोज आरसा धरून तळवे बघते. कंटाळा येतो. कधी कधी आरसा फेकून द्यावासा वाटतो. पण माझ्या पायाला आज जखम नाही.

हे मला कळलं तेव्हा यांच्याही आधी मी तुला फोन केला होता. तू काय म्हणालास आठवतं? "तोंड बंद ठिव सारजे. घरात लग्नाची पोरगी हाय. येळ आली की मीच सांगीन तिला." तू मोठा, तुझी लेक, म्हणून मी तुझ्यावर सोडलं. तुझी वेळ काही आली नाही.

लग्नाची भीती मला शिकवू नकोस. मला बघायला आले होते तेव्हा आईनं पाहुणे यायच्या आतच मला पाटावर बसवून ठेवलं, का तर कुणी "चालून दाखव" म्हणू नये. यांना महिन्याभरात कळलं. माणूस भला निघाला म्हणून निभावलं, पण तो महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. ऋतूला तसं पाटावर बसवायचा विचार तुझ्या मनात असेल तर आत्ताच काढून टाक.

इतका वेळ दुसरंच लिहीत राहिले. आता सांगते. काल मी तिला अंबाजोगाईला नेलं. तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर रेंज गेली असती. ती सज्ञान आहे, सही तिनंच केली. पायाला सुया आणि करंट लावून नसा तपासल्या. दादा, तिलाही आहे.

जखम हाडापर्यंत गेली तर पाऊल वाचवणं अवघड होईल, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. रोज ड्रेसिंग आहे, गोळ्या आहेत, आणि टाच टेकवायचीसुद्धा नाही. तेव्हा रविवारी तू तिला अकॅडमीत नेणार नाहीस. मी नेऊ देणार नाही.

परत येताना बसमध्ये ती एकदम हसली. म्हणाली, "म्हंजी मी आळशी नव्हते, आत्या." मला तिच्याकडं बघवेना. पुढं परळी येईपर्यंत ती वर्दीसाठी रडली, ओढणीचा बोळा तोंडात धरून. मी गप्प करायला गेले नाही. पोलिसात ऑफिसचं काम असतं, दुसऱ्या परीक्षा असतात, ते सगळं नंतर सांगेन. रडायचा हक्क आहे तिला.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं. "आत्या, पप्पांना ठाऊक होतं का?"

हो म्हणायला जीभ उचलली नाही, आणि नाही म्हणणं मला जमणार नव्हतं. म्हटलं, रविवारी येतील तेव्हा त्यांनाच विचार. तेव्हापासून तिनं पुन्हा विषय काढलेला नाही, पण पप्पा कितीच्या गाडीनं येतात हे मात्र सारखं विचारते.

रविवारी ये. आधी फोन करू नकोस, वहिनीला पुढं करू नकोस. घरात आलास की बूट काढ, मोजे काढ, आणि तिच्यासमोर पाय मोकळे सोडून बस. तुझे पाय तिनं अजून या नजरेनं पाहिलेले नाहीत. बापानं आपल्याला फसवलं असेल असं तिला अजून वाटत नाही. तू येईपर्यंत मी तिला काही सांगणार नाही. पण तू तिच्या तोंडावर खोटं बोललास, तर मी तिथंच बसलेली असेन.

अजून तरी तुला दादा म्हणणारी,
सारजा