पाच सेकंदांची मुदत

मंगळवार, १४ तारीख
दुपारी, मशीनच्या खोलीतून

प्रिय दादा,

कसा आहेस? आई ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे काळजी नको. वहिनीचा डोळा आता बरा दिसतोय. परवा ग्रंथालयात तिने मला लांबूनच ओळखलं आणि मान फिरवली नाही, हे विशेष.

पत्र बघून हसशील. एका संस्थेत नोकरी, मध्ये तीन मजले, आणि ही बाई कागद खरडत बसली. पण तू तीन आठवडे घरी बसलायस, फोन उचलत नाहीस, आणि आज मेलही बंद आहे. सगळंच बंद आहे. डिस्क बिघडल्यापासून मोठी गणितं बंदच होती; आज नवीन बसवली, तिची तपासणी चालू आहे, त्यासाठी मशीन पुन्हा सिंगल युजर मोडमध्ये आणलीय.

आत्ता उठून बघून आले. एकतीस टक्के.

वहिनी हे तुझ्याआधी वाचणार, तिच्याच हाती देणार आहे, म्हणून तिच्यासाठी सांगते. या मशीनवर, म्हणजे संस्थेच्या मोठ्या संगणकावर, एका वेळी शंभर जणांची कामं चालू असतात. दुरुस्ती करायची तर मशीन उतरवावी लागते, म्हणजे सगळ्यांना बाहेर काढावं लागतं. आधी प्रत्येकाच्या पडद्यावर सूचना जाते, दहा मिनिटांत आवरा. मग दार लावायचं, नवीन कुणी आत येत नाही. मग मशीन चालू असलेल्या एकेका प्रोग्रामला सांगते, बाबा रे, थांब आता. शहाणे प्रोग्राम आपापल्या फायली लिहितात, मिटतात आणि जातात. त्यासाठी पाच सेकंद मिळतात. त्यानंतर जो उरेल त्याला न विचारता मारून टाकतात. शेवटी एकच पडदा जिवंत राहतो आणि त्यापुढे एकच माणूस. म्हणजे मी.

तुझा प्रोग्राम सांगून ऐकणारा नव्हता. बंदराच्या तोंडाशी गाळ कसा साचतो याचं ते गणित अकरा दिवस चालायचं आणि उत्तर अगदी शेवटी लिहायचं. मध्ये कुणाच्या चुकीने थांबू नये म्हणून तू त्याला ‘थांब’ ऐकूच येणार नाही असं करून ठेवलं होतंस. जसा मालक तसा प्रोग्राम. तूच म्हणाला होतास, “टिंगू, मशीन उतरवायची असेल तर आधी मला फोन कर. झालेलं गणित मी माझ्या हाताने साठवतो, वीस मिनिटं लागतात.” आणि मोबाईलचा नंबर चिठ्ठीवर लिहून माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवलास. जसा काही मला तुझा नंबर पाठ नाही.

चिठ्ठी कालपर्यंत तिथेच होती.

त्या गुरुवारी डिस्क खरंच बिघडत होती, दादा, ते खोटं नाही. पण संध्याकाळपर्यंत तिने तग धरला असता, हेही खोटं नाही. तू वहिनीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होतास, साडेचारला परत येणार होतास. मला माहीत होतं. मी तीन वाजून दहा मिनिटांनी मशीन उतरवली.

तू आलास आणि विचारलंस, “सूचना दिली होतीस ना?” मी ‘हो’ म्हटलं. सूचना तर शंभर जणांना गेली होती. तू पुढे काही विचारलं नाहीस आणि डिस्क संध्याकाळपर्यंत टिकली असती हे मी लपवलं.

छप्पन्न टक्के. चहा आणला होता, तसाच गार झाला. आता लिहायचंच तर नीट लिहिते.

त्याच आठवड्यात बाहेरचे पाहुणे आले होते. माझी ओळख करून देताना तू म्हणालास, “ही आमची धाकटी. गणितात माझ्यापेक्षा हुशार होती, आता मशीनचे दिवे लावते आणि मालवते.” सगळे हसले. मीही दात काढून हसले, आणि खाली येऊन रडले. तुला आठवतही नसेल. तुझं बोलणं नेहमीचंच, माझ्याच नाकाला मिरच्या झोंबल्या.

गुरुवारी फोन हातात घेतला होता. अर्धा नंबर दाबला आणि ठेवून दिला. म्हटलं, बघू दे याला, दिवे मालवले की काय होतं ते. मग एकेक नाव पडद्यावरून गेलं. छपाईचं गेलं, मेलचं गेलं. तुझं तेवढं राहिलं. पाच सेकंद मी मोजले, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. मग तेही नाव गेलं. तुझा नववा दिवस होता.

परवा वहिनी सहज बोलून गेली, “त्याने साहेबांना सांगितलंय, चूक माझीच, प्रोग्राम मीच बहिरा केला होता, तिला काही बोलू नका.” शुक्रवारी तुझी नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरणार, हातात दाखवायला निकाल नाही, आणि तू मला पाठीशी घालून गप्प बसलायस.

आज सकाळी साहेबांकडे गेले. वर लिहिलंय ते सगळं त्यांना लिहून दिलं, सहीनिशी, तुझी चिठ्ठीही जोडली. दादाला पंधरा दिवस द्या, एवढंच मागितलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे तुम्ही सांगितलं नसतंत तर कुणालाही कळलं नसतं.” मी म्हटलं, “म्हणूनच सांगायला तीन आठवडे लागले.” पंधरा दिवसांचं शुक्रवारी बघू म्हणाले. माझ्याकडून मशीन बहुतेक काढून घेतील. घेऊ देत.

पण उद्या सकाळपर्यंत ती माझ्याकडे आहे. सगळ्यांना आठची वेळ दिलीय. मी सातलाच येऊन उघडेन आणि आठपर्यंत दुसऱ्या कुणाला आत घेणार नाही. तू ये, तुझं गणित सुरू कर. मला काय बोलायचं ते बोल, मी मध्ये तोंड उघडणार नाही. नाही आलास तरी सातला मी खोलीत असेन.

नव्वद टक्के. उठते.

तुझा दिवा जाणूनबुजून मालवणारी,
टिंगू