आठ नंबरचे हिरवे ठिपके

३ फेब्रुवारी
दोन्ही आयसीयू एक होऊन आठवडा झाला. जुने-नवे सगळे व्हेंटिलेटर आता एकाच कॉम्प्युटरवर दिसतात. मशीनने दिलेला श्वास पांढरा ठिपका, पेशंटने स्वतः सुरू केलेला हिरवा. जोडणी माझी, तेव्हा खात्रीही मीच द्यायची.
आठ नंबर, संजय मोहिते, हजीऱ्याचे. स्कूटरचा अपघात. मेंदू गेलाय असं डॉ. भदौरिया धरून चाललेत. आज संध्याकाळी स्क्रीनवर हिरवे. ओळीने. सिस्टर हळूच म्हणाली, "मॅडम, ये तो खुद साँस ले रहा है."

४ फेब्रु.
दिवसभर पांढरे. पाचला त्याची आई आली, हिरवे सुरू. ती गेली, बंद. कालचं रेकॉर्ड काढलं. तसंच.
मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते. वीस वर्षं मशीनं दुरुस्त करतेय मी.

५ फेब्रु.
भेटीच्या वेळी आत उभी राहिले. मोहितेकाकू पिशवीतून काशाची वाटी काढतात, तूप लावून त्याचे तळवे घासतात. डोक्यातली उष्णता उतरते म्हणे. सिस्टर कानाडोळा करते. पलंग हलतो, नळीत साचलेलं पाणी हलतं, मशीनला वाटतं त्यानेच श्वास ओढला. एवढंच.
"काकू, जरा थांबता?"
थांबल्या. हिरवे गेले. त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं.
"पाहिलंस? हात काढला की रुसतो. लहानपणापासून असाच."


६ फेब्रु.
डॉ. भ.ना सांगितलं. त्यांच्या परवानगीने नळी रिकामी केली, मशीनची सेन्सिटिव्हिटी कमी केली. पण आता त्याचा खरा, बारीकसा श्वास असलाच, तर तोही सुटणार नाही का? "उसी के लिए तो कल मशीन हटाकर टेस्ट है," म्हणाले. पटलं. बहुतेक.
काकू तासभर घासत होत्या. सगळे पांढरे. मान वर न करता म्हणाल्या, "बेटा, आज तू ह्याला काय केलंस?"

७ फेब्रु.
टेस्टच्या आधी डॉ. भ.समोर जुनी सेटिंग परत लावून पाहिली. नळी कोरडी. पलंगाला कोणाचा हात नाही.
एक हिरवा. बराच वेळ पांढरे. मग आणखी एक.
"दिल की धड़कन से भी आ जाता है, मॅडम." येतो. मला माहीत आहे.
बाहेर आले तर काकू दारातच. "हिरवा दिसला का गं?"
"दिसला," म्हणाले. खोटं नव्हतं.
डॉक्टर आत गेलेत. हे बाकावर बसून लिहितेय. काकू शेजारी आहेत. मी पुढे काही बोलेन म्हणून माझ्याकडे बघताहेत.