ठिपकीच्या पाठीवरची जागा

८ जानेवारी
काचेच्या बारा टाक्या. त्यांची गाळणी. पाणी थंड ठेवणारा पंखा. झाकणं, जाळ्या, चिमट्यांचा स्टँड. प्रयोगशाळेतलं हे सगळं माझ्या हातचं — आणि मी दहावी नापास! एकही टाकी गळत नाही.

आज संशोधन करणाऱ्या मॅडमनी ठिपकीला गुंगी देऊन पाठीवरची चार मिलिमीटर कातडी काढली. ठिपकी म्हणजे आमची अ‍ॅक्सोलोटल: पाण्यात राहते, चार पाय, गळ्याशी पिसांसारखे कल्ले. हिची जखम भरते आणि व्रण राहत नाही, म्हणे. "शेजारी रंगाची खूण करून ठेवू का, काका?" मॅडमनी विचारलं. म्हटलं, "कशाला? पुसट का होईना, कड राहतेच. माझी नजर आहे." चित्र मात्र रोज काढणार.

९ जानेवारी
जखम झाकली गेली. एका दिवसात!

२ मार्च
लेकीला चित्रं दाखवली. तिने डावा हात बाहीतून बाहेर काढला नाही. सात वर्षांची होती तेव्हा. तापलेली सोल्डरिंग गन माझ्या हातात, आणि मी मागे न बघता वळलो. भाजल्याचा व्रण अजून आहे.
मॅडमना विचारलं, हे माणसांना कधी जमेल? "माहीत नाही हो. खोटी आशा नाही दाखवणार."

११ मार्च
मलमाच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. गोडबोल्या. विचार करतो म्हटलं. घरी बोललो नाही.

८ एप्रिल
मॅडमना त्याच जागेचा तुकडा तपासायचाय, आणि जागाच सापडेना! दोन तास भिंग लावून बसलो. सगळी कातडी एकसारखी. माझ्या तोऱ्यापायी तीन महिने पाण्यात. मॅडमनी भिंग पुसून जागेवर ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ एप्रिल
लेक माझी वही घेऊन प्रयोगशाळेत आली. "बाबा, भोवतीचे ठिपकेपण काढलेत ना तुम्ही? मग मोजू या की!" ती मोजत गेली, मी भिंग धरलं. दोन मोठ्या ठिपक्यांच्या मधोमध — सापडली!

पाणी उडालं म्हणून तिने बाही वर सारली. खाली केलीच नाही. मी नजर वळवली तशी म्हणाली, "येईल त्याला टाक्या दाखवता. हेही तुमच्याच हातचं ना? मग बघा की."

बघितलं. कडेला तीन चुण्या, मध्ये गुळगुळीत. चित्र काढलं. तिने हात हलवला नाही.

१० एप्रिल
मलमाच्या कंपनीला नाही म्हणून कळवलं. त्यांना जाहिरातीला ठिपकीची चित्रं हवी होती, आणि खोक्यावर 'आधी' म्हणून लेकीच्या हाताचा फोटो. पाच लाख देणार होते.